वैकल्पिक विषय

शेफील्डच्या मेडिकल कॉलेजात, तळघरात,
बुधवारी दोन ते तीन मला एक खोली मिळते.
शेजारची खोली सांगाड्यांची.
माझ्या फळ्यावर कुणीतरी मूत्रपिंड काढून ठेवलेलं असतं,
खाली लिहिलेलं : पुसू नये.
मी पुसत नाही. कडेकडेनं लिहिते,
कळ. ठणका. सणक. उसण. ठसठस.

बारा मुलं. चौदा होती, दोघं त्वचारोगाकडे गेली.
वर वॉर्डात पेशंटला विचारतात,
शून्य ते दहा, किती दुखतंय?
मी म्हणते, आकडा राहू दे जरा.
ठणकतं आणि ठसठसतं यात फरक काय?
ओयिन्कान डोळे मिटून दोन्ही शब्द पुटपुटते.
म्हणते, दुसऱ्यात पू आहे.
शाबास गं.
फर्गस विचारतो, मग सात म्हणजे कुठला शब्द?
त्याला तक्ता हवा असतो.
गुणी पोरगा आहे, रक्त काढताना हात हलत नाही त्याचा.

मागच्या बुधवारी एक गोष्ट वाचली, दोन पानांची.
एक म्हातारा बूट घालतो, काढून ठेवतो,
पुन्हा घालतो. संपली गोष्ट.
मुलांनी भराभर रोग मोजले :
विस्मरण, संधिवात,
पायाला सूज असेल तर हृदय बघायला हवं.
मागून थिया डक्सबरी म्हणाली,
कुणीतरी न्यायला येणार होतं त्याला.
मग बराच वेळ कुणी पेन उचललं नाही.

थिया बार्न्सलीची. आजोबा खाणीत होते.
विचारलं की म्हणायचे, जरा ‘बॅडली’ आहे,
आणि त्या ‘जरा’त दोन्ही फुप्फुसं मावायची.
तोही शब्द फळ्यावर घेतला,
मूत्रपिंडाच्या खाली, जागा होती तिथे.

मला इथे का घेतलं ते मुलांना ठाऊक आहे :
दुभाषी, एकवीस वर्षांचा अनुभव.
पहिल्या वर्षाबद्दल मुलाखतीत कुणी विचारलं नाही.

लेस्टर. जानेवारी.
भागीरथी शेवाळे, राहणार कऱ्हाडजवळ,
लेकाकडे आलेल्या. साडीवर दोन स्वेटर, पायात मुलाचे मोजे.
डॉक्टर घाईत होता. बाईंनी माझं मनगट धरलं.
‘जीव घाबरा होतोय गं.’
मी चोवीस वर्षांची,
दोन्ही भाषांत पहिला वर्ग.
मी सांगितलं, त्यांना भीती वाटतेय.
डॉक्टर हसला, खरंच मायेनं हसला,
परक्या देशात वाटायचीच, म्हणाला,
खांद्यावर थोपटलं, चहा मागवला.
साखर जास्त झाली म्हणाल्या बाई.
तेही मी सांगितलं.

संध्याकाळी सहानंतरचं वाक्य
त्यांच्या नवऱ्याला मराठीत मीच सांगितलं.
त्यात एकही चूक झाली नाही.

आज ठरवूनच आले होते.
मार्कर सुकत आलेला, दोनदा गिरवावं लागलं :
जीव.
लागतो, जडतो, टांगणीला लागतो,
कंटाळा आला तरी त्याच्यावरच येतं,
मुंगीलाही असतो,
आणि घाबरा होतो तेव्हा
पेशंट घाबरलेला असेलच असं नाही.
एवढं सांगून थांबले. पुढचं घशापर्यंत आलं होतं.

फर्गस हात वर करतो.
हा कुठला अवयव?

कुणी हसत नाही.
तो आपला तळवा छातीवर ठेवून बघतो,
मग गळ्यापाशी, मग बेंबीच्या जरा वर,
माझ्याकडे बघत, तोंडी परीक्षेत बघतात तसा,
योग्य जागी आला की बाई मान हलवतील म्हणून.

तीन वाजून गेलेत.
सांगाड्यांच्या तासाची मुलं दाराशी खोळंबलीत,
कुणाच्या तरी हातात प्लास्टिकची मांडी.
मी डस्टर उचलते, परत ठेवते.
फर्गसचा हात अजून फिरतोच आहे.