पोयादा, रविवारी दुपारी बारापासून

तिकीट पंधरा सोलचं.
पाव कोंबडी, दोन उकडलेले बटाटे, सॅलडचं एक पान,
आणि तळाशी बारीक अक्षरात : लिसबेतच्या उपचारासाठी.
तिकिटं मी छापून आणली, कारण वही माझ्याकडे असते.
ह्या टेकडीवर कुणाचं घर जळलं,
कुणाचा नवरा खाणीत राहिला,
की आम्ही कोंबड्या तळतो.
दुसरं काही येत नाही आम्हाला.

लिमाच्या ह्या टोकाला पाऊस पडत नाही,
नुसतं धुकं येऊन पत्र्यावर बसतं.
पहाटे चारला एलादियाच्या अंगणात
साठ कोंबड्या, लाल मिरचीचं वाटण, जिरं, शिरका,
कोपरापर्यंत लाल झालेले आमचे हात.
कुणीतरी म्हणालं,
तिच्या सलाइनमधलं औषधही असंच लाल असतं.
मग बराच वेळ नुसता सुऱ्यांचा आवाज.

विमा म्हणतो, औषध फुकट.
खिडकीतली बाई म्हणते, औषध संपलंय.
ह्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत
विल्मरने आपली तीनचाकी विकली.
आता दुसऱ्याची चालवतो, आणि रात्री
पेंगुळलेल्या पोराला खांद्यावर टाकून माझ्या दारात येतो :
ताई, स्कॅनचे किती धरलेस?

सांगून टाकते,
लिसबेतशी दोन वर्षं माझा अबोला होता.
टँकर आला तेव्हा तिने माझ्याआधी पिंप भरलं
आणि मी तिच्या आईपर्यंत गेले.
पिंप ते. निळं, प्लॅस्टिकचं.
अजून तिच्या दाराशी आहे.

बारा वाजता तेल तापलं.
शाळेच्या बाईंनी दहा तिकिटं घेतली, खाल्लं एकही नाही.
म्हातारा फोर्तुनातो बाटलीमागून बाटली मागवत राहिला,
म्हणे, तिच्यासाठीच पितोय.
हसू नका, कोंबडीपेक्षा बिअरमध्येच जास्त सुटतात.
पन्नासची एक नोट खोटी निघाली.
कुणाची, ते मला कळलं.
वहीत लिहिलं नाही.

चारच्या सुमाराला ती उतरली.
एकशे बेचाळीस पायऱ्या, पिवळा कठडा धरून,
तीनदा बसत,
लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.
कुणीतरी गाणं बंद केलं.
ती म्हणाली, लावा ना. मेले नाही मी.

मग माझ्यासमोर बसली आणि वही मागितली.
वाटलं, मोजणार.
माझ्या कानावरचं पेन काढून घेतलं तिने
आणि पहिल्या नावापाशी थांबली.
एलादिया, तुझ्या पोरीचं पंधरावं वरीस कधी?
पुढच्या नोव्हेंबरात.
लिहिलं : नोव्हेंबर, दोन तिकिटं.
फोर्तुनातो, तुझा मोतीबिंदू?
त्याने खांदे उडवले.
लिहिलं : होईल तेव्हा, तीन.
बाईंच्या पुढे, घोटलेल्या अक्षरात, दहा.

आमच्याकडे रीतच आहे तशी :
माझं तिकीट तू घ्यायचं, तुझं मी.
पण आजाऱ्याला कुणी त्यात धरत नाही.
मी म्हणाले, राहू दे गं, तुला माफ.
तिने मान वर केली,
टँकरच्या दिवशी केली होती तशीच.
माफ कशाला? मी काय पळून चाललेय?
तुझ्या छताचा स्लॅब कधी?

माझ्या छताला अजून वीटसुद्धा पुरी नाही.
तोंडाला आलं ते बोलले : दोन वर्षांनी.
दोन वर्षांनी, तिने लिहिलं. पाच.
आणि पेन इतकं दाबलं की कागद फाटायचाच बाकी.

खर्च वजा जाता दोन हजार नऊशे सत्तर.
दोन सलाइनींना पाच हजार लागतात.
हिशोब जुळत नाही, मी चारदा केला.
उरलेल्या तंगड्या विल्मर वर घेऊन गेला,
पोराने एक वाटेतच सुरू केली.

रात्री पुढचं पान उलटलं.
कोरंच आहे,
पण त्यावर तिचा पाच उठलाय.
दिसत नाही. बोट फिरवलं की लागतो.