ठोका

कुओपिओच्या इस्पितळात, पहाटेचे तीन.
ऊर्होच्या भादरलेल्या डोक्याभोवती सोळा इलेक्ट्रोड,
प्रवाह इतका बारीक
की मुंगीलाही कळू नये.

आकडा चढतोय.
पेशी फुगल्यात, मधल्या बोळी बुजत चालल्यात,
विजेला अंग चोरून जावं लागतंय.

"दुखत नाही ना त्याला?" सिल्वी विचारते.
नाही, म्हणते मी.
मग ती तळ्याचंच सांगत बसते:
चाळीस हिवाळे हा पुढे, हातात पहार,
पावलागणिक बर्फावर ठोका.
आवाज बद्द आला की मागे फिरायचा.
"परवा तेवढा ठोकला नसणार.
भांडून गेला होता."

आकडा अजून चढतोच.
मी डॉक्टरांना फोन लावते.
ती खाटेच्या दांड्यावर
बोटाच्या पेरानं ठोकते,
कान देते,
पुन्हा ठोकते.