नाहीतर

तपकीर गल्लीतला दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला,
"रोबो मिळत नाही. सुटे भाग मिळतात.
जोडायचं तुमचं तुम्ही."
तेवढ्या भांडवलावर मी
पर्वती पायथ्याच्या शाळेत आठवी ब सुरू केली.

दोन मोटारी, वायरींचा गुंता, एक सेन्सर,
आणि आफ्रीन तांबोळीनं मामूच्या भंगारातून आणलेला
कुणा बाळाच्या मोडक्या गाडीचा सांगाडा.
त्यावर अर्धा ससा अजून चिकटलेला.
म्हणून नाव पडलं ससुल्या.

फरशी शहाबादी. तिच्यावर काळ्या चिकटपट्टीची वाट आखली,
फळ्यापासून खिडकीपर्यंत, एक वळण बाकाखालून.
ससुल्या चार हात चालला
आणि फरशीच्या सांध्याला लागला.
सांधाही काळाच.
"बाई, त्याला पट्टी आणि भेग सारखीच दिसते,"
भार्गव म्हणाला, पालथा पडून, गाल फरशीला लावून.
बारा वर्षं त्या वर्गात उभी राहून
मला त्या भेगा दिसल्या नव्हत्या.

मग फळ्यावर तीन शब्द लिहिले :
जर. तर. नाहीतर.
वर्ग हसला.
जर-तरच्या गोष्टींना घरी कोण विचारतं?
आणि नाहीतर त्यांना चांगलाच ओळखीचा,
गप बस नाहीतर,
फी भर नाहीतर,
पुढचं कुणी बोलतच नाही, हात उगारलेला असतो.

म्हटलं, इथे तो धाक नाही.
इथे ती दुसरी वाट आहे, आणि ती पूर्ण लिहावी लागते.
काळं दिसलं तर डावीकडे, नाहीतर उजवीकडे.
हेच सेकंदाला शंभरदा, न कंटाळता, न चिडता.
"न चिडता?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
आणि थोडा वेळ कुणीच हसलं नाही.

सुमेध भिसे रोबो झाला. डोळ्यांवर रुमाल.
पोरं ओरडली, पुढे जा!
तो गेला. कपाटावर आदळला.
थांब म्हणालंच नव्हतं कुणी.
टेंगूळ चोळत, प्रचंड खुशीत :
"मी बरोबर होतो बाई. प्रोग्राम चुकला."

वह्या घरी आणल्या. आफ्रीनच्या वहीत शेवटच्या पानावर :

जर अम्मी चारला आली
तर चहा ठेव
नाहीतर छोटूला कडेवर घे, दारात बघ,
परत पहिल्या ओळीवर जा.

लाल पेन उघडं ठेवून बसले बराच वेळ.
व्याकरण चोख होतं.
शेवटी समासात लिहिलं : थांबायची अट?
वही परत आली तेव्हा खाली पेन्सिलीनं,
"बाई, अजून सापडली नाही. शोधतेय."

शनिवारी मात्र तिनं दुसरंच काही शोधलेलं.
भेग अरुंद असते, पट्टी रुंद.
"काळं दिसलं की लगेच वळू नको म्हणायचं त्याला.
जरा पुढे जा. परत बघ.
अजून काळंच असेल तर वळ."
दोन ओळी. मी वर्गाला समजावायला वळले,
तोवर तिनं बटण दाबलंसुद्धा.

ससुल्या सांध्यावर बिचकला. परत पाहिलं.
सरळ गेला.
बाकाखाली दिसेनासा झाला तेव्हा
बेचाळीस पोरं गुडघ्यांवर,
आणि मीही, साडी सावरत, त्याच फरशीवर.

बाहेर आला तो
अर्ध्या सशाच्या एकुलत्या कानावर
कोळ्याचं आख्खं जाळं घेऊन.