सुकटीचा डबा

मी तिची जाऊ. तिच्या सभेला बसत नाही,
माळ घातलेली नाही.
घणसोलीत सगळे तिला चांगुणामाउली म्हणतात,
मी म्हणते, चांगे, पाण्याची मोटर बंद कर.

गुरुवारी झेरॉक्सच्या दुकानावरच्या हॉलात
जिन्यापर्यंत चपला.
ती उभ्यानंच बोलते, पोथी उघडत नाही :
देवाला कोंबडं नको, हळदीला बाटली नको,
मुलीनं दिलेला अग्नीही पोचतो.
खाली रिक्षावाले हसायचे.
त्यातलाच एक, पदाजी, आता तिथं पेटी वाजवतो.
सुराचं काही विचारू नका.

सिडकोचे पैसे आले त्या साली
पुतण्याच्या हळदीत तीन बोकड पडले
आणि माझा नवरा,
उजाडताना, मोटरसायकलवरून, नाक्यावर.

पुढे नणंदेच्या पोरीचं लग्न निघालं.
धवलारीण गात होती, सवाष्णी पाटाभोवती,
मी भिंतीशी, भाड्यानं आणलेली पातेली मोजत.
चांगुणानं सगळ्यांदेखत माझं मनगट धरलं,
ओढत नेलं मांडवात, कुंकू लावलं.
घाईत नाकावर सांडलं.
धवलारीण गायची थांबली.
कुणीसं म्हणालं, आता बघा काय होतं ते.
नवरी रडायला लागली, पण ती
चप्पल सापडेना म्हणून.
मग म्हातारीनं खाकरून
धवला पुन्हा पहिल्यापासून धरला,
आणि माझ्या हातात हळदीची वाटी होती.

हे सगळ्यांना ठाऊक आहे. सभेत सांगतात,
दर वेळी कुंकू थोडं मोठं करून.

हे ठाऊक नाही :
रात्री सगळं उरकून ती माझ्या मागच्या दारी येते,
घसा बसलेला, पदराला अष्टगंध,
पाया पडून पडून लोकांनी पावलं काळी केलेली.
डबा काढ, म्हणते.
मी फळीवरून सुकटीचा डबा काढते.
जवळा, खाली बोंबलाचे तुकडे.
ती खात नाही. चौदा वर्षं नाही.
झाकण काढते, डोळे मिटते,
तोंड डब्यात घालून नुसता वास घेते.
तिची आई मिठागराच्या बांधावर जवळा वाळवायची,
ही कावळे हाकायची.
तिथं आता सेक्टर आहे.

काल विचारलंच मी,
हे तुझ्या पोथीत कशात बसतं गं? पापात की पुण्यात?
ती झाकण दाबत राहिली, चारही बाजूंनी.
लिहायचं राहिलंय, म्हणाली.
मग दारातून वळून,
जवळा तळाला गेलाय.
पावसाआधी भरून ठेव.