रंगारी गल्लीतलं दार

जिनिंगचे वजनकाटे दुरुस्त करत हिंडतो मी,
धरणगाव, एरंडोल, पारोळा, कधी पार शहाद्यापर्यंत.
काटा शून्यावर आला की माझं काम संपतं
आणि परतीच्या एसटीला दीड तास असतो.
तेवढ्यात गल्ल्या.
तेवढ्यात दारं.

सागाची, पितळी फुल्यांची,
कोरीव वेलीवर ऑइलपेंटचे चार थर चढलेली,
एक तर नुसतीच चौकट, मागे बाभूळ.
खिडक्याही घेतो, पण कमी.
खिडकीतून कुणीतरी विचारतंच, कोण पाहिजे?

चारशे बारा झाली मोबाइलमध्ये.
बायको बोट सरकवत सगळी बघते आणि म्हणते,
एकाही घरात गेला नाहीत ना तुम्ही?

पारोळ्याला, वैशाखात, बाराच्या उन्हात
हे दिसलं.
निळं म्हणावं तर तसंही नाही,
दहा वर्षं धुतलेल्या शाळेच्या शर्टासारखं.
कपाळपट्टीवर दोन पोपट, एकाची चोच गेलेली.
कडीत खोचलेलं विजेचं बिल:
मंजुळा देविदास भावसार.
खाली पोलिओवाल्यांच्या खडूच्या खुणा,
एकीवर एक, कितीतरी रविवारांच्या.
आणि दारासमोर, अगदी मधोमध, खाट.
खाटेवर लुगडं,
लुगड्याच्या काठापर्यंत ओले बिबडे.

बाई बाहेर आली, कोपरापर्यंत पिठाळलेली.
“फोटू? दारना?”
हो म्हटलं. असं काम आता होत नाही.
तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे.
“खाट सरकाडू का?”

नको म्हणायला हवं होतं.
ज्वारीच्या बिबड्यांना ऊन किती लागतं
हे मला कुणी शिकवायला नको.
मी म्हणालो, जरा.

तिने पोरीला हाक मारली.
दोघींनी चार पायांची ती ओली दुपार उचलली
आणि निंबाखाली सावलीत नेऊन ठेवली.
मग न सांगता तिने बिल काढलं, कमरेला खोचलं.
पदराने खडूच्या खुणा पुसल्या,
पोराचं तोंड पुसावं तशा, जोरात.
“दार लाई लेऊ?”
आणि आत गेली.

मी उभा फोटो घेतला, आडवा घेतला,
पोपटांचा जवळून घेतला.
आतून आवाज आला, “आते उघाडू का?”
एक मिनिट, म्हणालो.
उन्हात स्क्रीन दिसत नव्हता.
पुन्हा घेतला.

नंतर तिने वाटीत घाटा दिला, वर कच्चं तेल.
मी ओट्यावर बसून खाल्ला, बोटं चाटली,
खाट जागेवर आणायला हात लावतो म्हटलं,
तर म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, तुमनी गाडी चुकी.”

एसटीत खिडकीची काच खडखडत होती.
मी चारशे तेरावं दार मोठं करून पाहिलं.
स्वच्छ. दुकानात मांडल्यासारखं.
पायरीपुढच्या धुळीत खाटेचे चार ठसे.
आणखी मोठं केलं.
दोन फळ्यांच्या मधल्या फटीत, कडीच्या उंचीवर,
काहीतरी पांढरं.

पिठाचं बोट.
आतून कडी लागत नसावी.
सगळा वेळ
ती दार धरून उभी होती.