खालच्या फळीवरचं

ते नको नेऊस, चिगुसा. ते सगळेच नेतात.
मुखपृष्ठावरच दात विचकून ठेवलेत,
आत घाबरायला उरलं काय?
बस खाली. गुडघे टेकल्याशिवाय
ही फळी दिसत नाही कुणाला.

हे घे. 'गळतं' नाव.
एका बाईच्या छताला ओल येते. इतकंच.
दर पानाला बोटभर खाली सरकते.
बोबडी वळावी असं काही नाही यात,
ती भात शिजवते, नवऱ्याचे मोजे वाळत घालते,
आणि चौकटीची वरची रेघ
तिच्या केसांना टेकते तेव्हा कुठे कळतं,
ओल घराला नव्हती,
कागदाला होती.
उजवीकडून उघड,
आणि अंगठा पुढच्या पानावर आधी ठेवू नकोस.

काढणारा कुसाका म्हणून होता. दोनच पुस्तकं.
खपली नाहीत. मग न्हाणीघरांच्या भिंती रंगवायचा:
निळा डोंगर, माथ्यावर बर्फ,
टबात बसलेल्या म्हाताऱ्यांना बरं वाटावं म्हणून.
ओनोमिचीत, फेरीच्या धक्क्यामागे,
त्याची एक भिंत अजून आहे.
तीस वर्षं मी त्या कढत पाण्यात बसतोय.
डोंगराच्या पायथ्याशी एक खिडकी आहे, नखाएवढी.
पूर्वी ती बंद होती.

हसतेस काय.

दुसरं हे, बाहुलीवालं.
खरं सांगतो, चित्रं गचाळ आहेत,
माणसांचे दोन्ही हात डावेच.
गोष्टही कुठल्या कुठे भरकटते.
पण मधली चार पानं कोरी राहिलीत,
छापखान्याची चूक म्हणे.
त्या चार पानांत काय घडलं ते मला येऊन सांग.
आजवर ज्यांनी सांगितलं
त्यांचं एकमेकांशी जुळलेलं नाही,
फक्त जिना सगळ्यांच्यात होता.

असू दे. आज 'गळतं'च ने.
मागच्या खिशात कार्ड आहे बघ.
चाळीस वर्षांत दोन नावं.
पहिलं माझं, घेतल्यावर पुस्तक कुणी तरी वाचावं म्हणून.
दुसरं सानाए. माझी बायको.
भुताखेताचं काही तिला चालायचं नाही,
माझ्या गिऱ्हाइकांनाही ती नाक मुरडायची.
शेवटच्या फेब्रुवारीत, दवाखान्यात,
स्वतःहून मागितलं.
एका रात्रीत संपवलं, छातीवर उपडं ठेवलं,
वर बघत म्हणाली,
इथलं छत कोरडं आहे हो.
आणि झोपली.
इतकी निवांत झोपलेली
मी तिला लग्नात सुद्धा पाहिली नव्हती.

भाडं राहू दे. दुकान मार्चअखेर बंदच होतंय.
पण परत आण.
मी नसलो तर शटरच्या फटीतून सरकव,
पावसाचं मात्र नको.

आणि हे पेन. नाव नीट लिही, बारीक अक्षरात,
खाली
बऱ्याच ओळी शिल्लक आहेत.