डावा बूट

खानापूरच्या स्टेशन रोडला माझं दुकान, सहा बाय आठ.
झेरॉक्स, लॅमिनेशन, अर्ज भरून मिळतील.
पाटी दोन लिप्यांत, वरची मोठी, कायद्याप्रमाणे.

मंगळवारी दुपारी, वीज ये-जा करत होती तेव्हा
नागो घाडी आला कापोलीहून,
बगलेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
डब्यात मेणकापड, मेणकापडात कागद,
चार घड्यांचा, तांबूस, सुपारीच्या वासाचा.
'प्लास्टिक चढव ह्याला. बाबाचा हाय. बोटीवरचा.'

दिव्याखाली धरला.
छापील फॉर्म, इंग्रजी. मधल्या जागा शाईनं भरलेल्या.
मराठीत सांगायचं तर:
परशराम भरमाण्णा घाडी, स्टोकर, दुसरा वर्ग.
गाव कापोली, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव, इलाखा मुंबई.
साल चव्वेचाळीस.
हरवलेली वस्तू: बूट. नग एक. डावा.
किंमत रुपये तीन, आणे सहा.
पगारातून वसूल करावी —
ही ओळ छापलेलीच होती,
आणि तिच्यावरून मारलेली एक रेघ,
सरळ नाही, बोट डुलत असणार.
बाजूला बारीक अक्षरात:
समुद्रानं नेला. माणसाकडून वसुली नाही.
खाली सही. ऑ. मस्करेन्हस, सब-लेफ्टनंट.

सहीतली सगळी अक्षरं सुटी,
नव्या वहीवर पोरानं नाव घालावं तशी.
शेवटच्या अक्षरापाशी निब अडकलेलं, एक थेंब सांडलेला.
हा माणूस पुढं व्हाइस ॲडमिरल झाला म्हणे.
नागोला हे कळलं पुण्याच्या फोनवरून:
नंतरच्या सह्या बाजारात ढीगभर मिळतात,
घाईच्या, नुसती लाट आणि शेपूट;
ही पहिल्या वर्षातली. हिला पंचवीस हजार.
वरचा मजकूर फाटला तरी चालेल.

'फाटला तरी चालंल म्हणाला बघ,'
नागो म्हणाला, आणि बाकावर बसला.

तेवढ्यात आधार कार्डाच्या प्रती काढायला आलेले चोपडे मास्तर
माझ्या खांद्यावरून वाकले.
त्यांचं बोट नेमकं 'इलाखा मुंबई'वर.
'अरे, हे कोर्टात दाखवायला पाहिजे! हे म्हणजे —'
नागोनं कागद ओढून घेतला.
'मास्तर, बुटाचा कागद हाय तो.'

बाबा बोटीचं कधी बोलला नाही, त्यानं सांगितलं.
फक्त मलप्रभेला पाणी चढलं की
काठावर जायचा, पायातल्या चपला काढून
दोन्ही काखेत धरून उभा राहायचा,
आणि पाण्याला म्हणायचा,
'एक घेतलास. दुसरा मिळत न्हाई.'

मशीन तापलं होतं. हिरवा दिवा लागला.
मी बटण बंद केलं.
ही शाई उष्णता सोसेल, याची खात्री कोण देणार?
कागद उलटा केला, डाग बघायला.
मागची बाजू कोरी. पण निब एवढं दाबून चाललेलं
की ती खोडलेली रेघ पाठीवर उठून आली होती,
जुन्या टाक्याच्या वणासारखी.

नागोला इंग्रजी येत नाही, कन्नड सहीपुरतं.
त्यानं रेघेवर बोट ठेवलं
आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, सावकाश.
जिथं बोट डुलली होती
तिथं बोटही डुललं.

'सहीपरास हिलाच जोर लावलाय की पोरानं.'

मी कागद साध्या पिशवीत सरकवला, न चिकटवता.
पैसे नको म्हटलं.
तरी त्यानं दहाची नोट काउंटरवर ठेवली, डबा बगलेत मारला.
'वसूल कर गा. हितं समुद्र कुठं हाय?'
आणि कापोलीची बस हुकेल म्हणून
दुपारच्या उन्हात पळत सुटला,
दोन्ही पायांत चपला.